बारकूच्या टोळीतली रोहिणी

कारखान्यात माणसं पहिल्यांदा कुठे भेटतात? गेटवर, चहाच्या टपरीवर, नाहीतर पाळी सुटताना. माझी आणि सुमितची भेट झाली ती माझ्या दोन बोटांमुळे.

सप्टेंबरचा शेवट होता. परतीचा पाऊस दुपारी तीनच्या सुमाराला सिल्वासाजवळच्या गलोंड्यावर उतरायचा आणि आमच्या पॅकिंग शेडच्या पत्र्यावर असा कोसळायचा, की शेजारणीचं बोलणं तिच्या ओठांवरून ओळखावं लागे. आमचा कारखाना धाग्याचा. धाग्याच्या बॉबिनी खोक्यात भरायच्या, खोकं काट्यावर ठेवायचं. काट्यानं वजन सांगितलं की कॉम्प्युटर त्यातून रिकाम्या खोक्याचं वजन वजा करतो आणि राहिलेल्या वजनाचा स्टिकर छापून बाहेर काढतो. तो स्टिकर खोक्यावर चिकटवायचं काम माझं. शिरपूरच्या आयटीआयमध्ये कॉम्प्युटरचा वर्षाचा कोर्स केलेली मुलगी सिल्वासात येऊन स्टिकर चिकटवते, याची मला अधूनमधून लाज वाटायची. पण घरी बसण्यापेक्षा ते बरं होतं.

त्या दुपारी छपाईचं मशीन बिथरलं. एका खोक्याला एक स्टिकर द्यायचा, तर एकाच खोक्याचे सुटले ते सुटतच राहिले. माझ्या पायांशी पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग साचला. असं झालं की वरच्या कॉम्प्युटर खोलीतले साहेब खाली येऊन काळ्या पडद्यावर दोन बटणं दाबतात, हे मी एकदा लांबून पाहिलं होतं. कंट्रोल आणि सी. उतावळा नवरा ऐकला असेल, मी उतावळी नवरी. दाबली दोन्ही.

छपाई थांबली. मी ऐटीत मागे वळले आणि पाहते तर सगळंच थांबलेलं. नवं खोकं काट्यावर ठेवलं तरी पडद्यावर वजन येईना, वजाबाकी होईना. खोकी साचायला लागली. सुपरवायझरनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही.

पाचच मिनिटांत तो आला. ऑफिसपासून शेडपर्यंतचं अंगण त्यानं भर पावसात पळत ओलांडलं होतं. केसांतून पाणी निथळत होतं, आणि हातात छत्री होती. मिटलेली.

'छत्री उघडायची राहिली तुमची,' मी म्हणाले. घाबरले की मला भलतंच सुचतं.

त्यानं छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'हो... घाईत होतो. कंट्रोल-सी कुणी दाबलं?'

'मी. पण मी फक्त छपाई थांबवली. बाकीचं आपोआप बंद पडलं.'

मला वाटलं, आता काही खरं नाही. तो मात्र हसला, आणि हसताना त्याच्या भुवईवरचा एक थेंब ओघळून गालावर आला. तो म्हणाला, 'फक्त छपाई तुम्हाला थांबवताच आली नसती. वजन वाचणारा, वजाबाकी करणारा आणि छापणारा, ही तिघं एकाच ग्रुपमधली आहेत. कंट्रोल-सी एकट्याला जात नाही. पडद्यासमोर जो ग्रुप असेल, त्या सगळ्याला एकदम जातं.'

त्यानं एक लांबलचक ओळ लिहून तिन्ही कामं पुन्हा सुरू केली. मग दुसरी काळी खिडकी उघडली आणि तिथे मला तीन ओळी दाखवल्या. सुपरवायझर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, पण यानं तिकडे लक्षच दिलं नाही. चालू असलेल्या प्रत्येक कामाला मशीनमध्ये प्रोसेस म्हणतात, हे मला कोर्सपासून ठाऊक होतं. प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा आकडा असतो, हेही. पण त्या आकड्याच्या शेजारी दुसरा एक आकडा होता, आणि तो तिन्ही ओळींत सारखाच होता.

'हा ग्रुपचा,' तो म्हणाला. 'ग्रुपला निराळा आकडा देत नाहीत. जिच्यापासून ग्रुप सुरू झाला, तिचाच आकडा सगळ्यांना.'

'म्हणजे ती मुकादम झाली.'

तो थबकला. 'चार वर्षं मी हे लोकांना समजावतोय,' तो म्हणाला, 'हा शब्द मला कधी सुचला नाही.'

त्या रात्री... नाही, खोटं कशाला सांगू, त्याच संध्याकाळी, सामरवरणीला आम्हा गावच्या बायकांच्या खोलीत कणीक मळताना मी त्याचाच विचार करत होते. त्याचा म्हणजे त्या आकड्याचा. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

चार दिवसांनी निरोप आला, की स्टिकरची लाइन सांभाळायला खालचंच कुणीतरी तयार करायचं आहे, तेव्हा रोहिणीनं जेवणाच्या सुट्टीत वर येऊन शिकावं. हे त्यानं मॅनेजरला कसं पटवलं, देव जाणे. मी पाच मिनिटांत डबा संपवून जिना चढायला लागले. मैत्रिणी कोपरानं ढोसायच्या. मी म्हणायचे, ज्ञान घ्यायला चाललेय. त्या म्हणायच्या, घे, पण पूर्ण घे.

सुमितची आई, नलिनीबाई, तीस वर्षांपूर्वी देवरुखहून इथल्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यामुळे तो आईशी मराठी, मित्रांशी गुजराती आणि शेडमध्ये हिंदी बोलायचा. कॉम्प्युटरसमोर बसला की मात्र एकदम गप्प. मी शेजारच्या खुर्चीवर बसायचे. खोलीत एसीचा गारवा असायचा, खिडकीबाहेर पाऊस रिमझिमायचा, आणि त्याची बोटं चालताना मी पडद्याकडेच बघायचं ठरवून बसायचे. ते नेहमी जमायचं असं नाही.

एक दिवस त्यानं तीन प्रोसेस सुरू केल्या. तिघींना काम एकच, नुसतं झोपून राहायचं. पहिलीनं पाच सेकंद, बाकी दोघींनी दहा मिनिटं. पडद्यावर ओळी आल्या. पहिलीचा आकडा ४१२७, म्हणून ग्रुपचा ४१२७. 'आता थांबा जरा,' तो म्हणाला. आम्ही थांबलो. पाच सेकंद फार मोठे असतात, विशेषतः दोघं एकाच पडद्याकडे बघत असली की. त्यानं पुन्हा यादी काढली. पहिली ओळ नाहीशी झाली होती. दोनच उरल्या होत्या, आणि दोघींच्याही पुढे ग्रुपचा आकडा होता ४१२७.

'ती तर गेली,' मी म्हणाले.

'गेली. पण ग्रुप तिच्याच नावानं आहे. शेवटची इथून जाईपर्यंत तो तसाच राहणार. आणि तोवर हा ४१२७ दुसऱ्या कुठल्याही नव्या प्रोसेसला मिळणार नाही. मशीनच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो, कर्नल म्हणतात त्याला. तो हा आकडा राखून ठेवतो.'

माझ्या अंगावर काटा आला. मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिले. त्याला वाटलं, मला समजलं नाही. तो परत पहिल्यापासून सांगायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि बारकूची गोष्ट सांगितली.

बारकू आमच्या गावचा. आठ वर्षांपूर्वी त्यानं गावातली सहा माणसं गोळा केली, सातवी त्याची बायको पुतळाबाई, आणि टोळी करून सिल्वासाला आणली. ठेकेदाराशी बोलणं टोळीचं. टोळी येते ती सगळी येते, जाते ती सगळी जाते, मध्येच एकटादुकटा सहसा सुटत नाही. गेटवरच्या रजिस्टरात प्रत्येकाचं नाव नसतं, 'बारकू' एवढंच असतं आणि पुढे माणसांची संख्या. दोन वर्षांमागे बारकू काविळीनं गेला. काही पुरुष दुसरीकडे लागले, त्यांच्या जागी गावाहून बायका आल्या. मी तर तो गेल्यानंतर आले, पण माझी गणती त्याच्याच टोळीत. रजिस्टर तेच चालू राहिलं. रोज सकाळी गेटवरचा भगवंत वही उघडतो आणि पुकारतो, 'बारकू?' आणि पुतळाबाई पदर सावरून म्हणते, 'हाजर.'

सुमितनं कीबोर्डवरची बोटं उचलली. मग तो हळूच म्हणाला, 'पन्नासएक वर्षांपूर्वी कुणीतरी कुठेतरी बसून हे लिहिलं असेल. त्यांना बारकू ठाऊक असणं शक्य नाही.'

'नसेल. पण जो पहिला आला तो गेल्यावर मागच्यांचं काय, हा विचार केला होता ना त्यांनी?'

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. मी घाईघाईनं म्हटलं, सुट्टी संपली, आणि जिना दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले. उरलेला दिवसभर माझे स्टिकर वाकडे लागत होते.

ऑक्टोबर अर्धा सरला, पाऊस ओसरला. तो कधी कधी घरच्या झाडाची सीताफळं आणायचा. सीताफळ खाताना कुणाचाच रुबाब टिकत नाही. बिया कुठे टाकायच्या म्हणून तो एका हाताची ओंजळ करून बसायचा आणि दुसऱ्या हातानं मला शिकवायचा. तेव्हाच त्यानं सांगितलं, की एका पडद्यासमोर एका वेळी एकच ग्रुप असतो. बाकीचे मागे आपापलं काम करू शकतात, पण मागच्या एखाद्यानं कीबोर्डवरचं वाचायला हात पुढे केला की कर्नल त्याला जागच्या जागी थांबवतो. समोर जो असेल त्यानंच ऐकायचं.

'मग तुमच्या समोर सध्या कोण आहे?' मी विचारलं. जिभेला हाड नाही म्हणतात ते उगाच नाही.

'सध्या...' तो म्हणाला, आणि ओंजळीतल्या बियांकडे बघत बसला. 'सध्या बाकी सगळे मागे आहेत.'

मी पुढचं काही विचारलं नाही. सीताफळ फार गोड होतं.

दिवाळीला पंधरा दिवस उरले होते. संध्याकाळी आम्ही खोलीवर आलो तर पुतळाबाई उंबऱ्यावर गुडघे चोळत बसली होती. तिचा मुलगा वाल्मिक गावाकडून कितीदा तरी फोन करत होता, आई आता पुरे, घरी ये. आजवर ती ऐकत नव्हती. त्या संध्याकाळी तिनं आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, 'चला आते घर.'

तीन शब्द. दिवाळीला जायचं आणि परत यायचं नाही, हे कुणाला उलगडून सांगावं लागलं नाही. बायका उठल्या. कुणी दोरीवरचे कपडे काढायला लागली, कुणी फळीवरचे डबे. मीही उठले. ट्रंक ओढली, धूळ पुसली, दोन ड्रेसच्या घड्या घातल्या, तिसरा हातात घेतला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करतेय. मला जायचं आहे का, हा प्रश्न माझ्या डोक्यात येण्याआधीच माझे हात कामाला लागले होते. मी त्या घड्यांकडे बघत राहिले आणि मला माझीच भीती वाटली.

मला जायचं नव्हतं. वरच्या खोलीत मला मदतनीस म्हणून घेण्याचं चाललं होतं. आणि वरच्या खोलीत तो होता. पण टोळीतली पोर मागे एकटी राहत नाही. माझ्या आईनं, सुनंदानं, मला 'कारखान्यात' पाठवलंच नव्हतं. तिनं मला पुतळाबाईच्या हवाली केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सुमितला सांगितलं. तो काहीतरी लिहीत होता, लिहीतच राहिला. ओळ चुकली, खोडली, परत चुकली.

'तुम्हाला जायचंय?' त्यानं विचारलं.

'मला कुणी विचारलं नाही.'

'मी विचारतोय.'

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले. त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. नवी फाईल उघडली, दहा-बारा ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि चालवला. पडद्यावर तीन आकडे आले. पहिला त्या प्रोसेसचा स्वतःचा. दुसरा तिच्या ग्रुपचा, म्हणजे मुकादमाचा. तिसरा तिला जन्म देणारीचा, मशीनच्या भाषेत तिच्या आईचा. मग त्या प्रोसेसनं स्वतःसाठी एकच ओळ चालवली आणि पुन्हा तेच तीन आकडे छापले. या वेळी मधला बदलला होता. तिथे आता तिचा स्वतःचाच आकडा आला होता.

'तिनं वेगळा ग्रुप केला,' तो म्हणाला. 'आता जुन्या ग्रुपला पाठवलेला निरोप तिला लागत नाही. तिच्या नावानं पाठवला तर लागतो. नावानं बोलावलं तर येता येतंच की.'

मी मधल्या आकड्याकडे बघतच नव्हते. मी तिसऱ्याकडे बघत होते. 'आईचा आकडा तोच राहिला,' मी म्हणाले.

'तो बदलत नाही. चूल वेगळी मांडली म्हणून आई कशी बदलेल?'

एवढीशी गोष्ट, काळ्या पडद्यावरचा एक आकडा. पण रात्रभर जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते त्या आकड्यानं सांगितलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. मी विचारलं, 'तुम्ही मला हे शिकवताय, की सांगताय?'

'शिकवतोय. म्हणजे... सांगतोय असं नाही... म्हणजे, मला...'

टेबलावरचा फोन वाजला. तिसऱ्या लाइनचा काटा बंद पडला होता. तो उठून गेला, आणि वाक्य तिथेच राहिलं.

रविवारी दुपारी मी धीर केला. बाकीच्या बाजारात गेल्या होत्या. पुतळाबाई भरीताची वांगी भाजत होती. मी तिच्यासमोर बसले आणि पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. मला राहायचंय. चांगलं काम मिळतंय. मी टोळी सोडतेय, तुला नाही सोडत, मावशी. तू बोलावशील तेव्हा येईन.

तिनं वांगं उलटलं. 'नुसतं कामसाठे?'

मी जमिनीकडे बघितलं. 'नाही.'

'माले ठाऊक शे,' ती म्हणाली. 'तो येल व्हता सकाळे. त्यानी माय बी संगे व्हती.'

पुतळाबाई वांग्याची साल सोलत सावकाश सांगत गेली. सकाळी आम्ही नदीवर धुणं घेऊन गेलो असताना सुमित आणि नलिनीबाई खोलीवर आले होते. त्यानं हात जोडून सांगितलं, की रोहिणीला इथे राहू द्या. कारखान्याला माणूस हवं आहे म्हणून मागत नाही, मला ती आवडते म्हणून मागतो. तिला मी आवडतो की नाही ते मला माहीत नाही. नसेन आवडत, तरी राहू द्या, तिचं डोकं फार चांगलं चालतं. नलिनीबाई म्हणाल्या, तेविसाव्या वर्षी मी या गावात एकटीच उतरले होते, तेव्हा मंजुळाबाई नावाच्या माझ्याच शाळेतल्या बाईंनी मला त्यांच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं होतं. त्या आता निवृत्त आहेत आणि अजूनही नोकरी करणाऱ्या मुलींना ठेवतात. पोर तिथे राहील. पुढचं पुढे, मुलं ठरवतील.

'तुनी मायले काय सांगू मी?' पुतळाबाईनं विचारलं. पण तिनं विचारलं ते फोन हातात घेऊनच. आईला लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की पुतळा, तुझं मन काय म्हणतं? पुतळाबाईनं वांग्याचं देठ खुडून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, राहू दे तिला. फोन माझ्याकडे आला तेव्हा आई रडत होती आणि पाडव्याला कुठली गाडी पकडशील ते विचारत होती.

मी फोन ठेवला. पुतळाबाईनं माझ्या पाठीवर राखेचा हात ठेवला. 'तुम्ही दोन्ही माले सांगी मोकळा व्हयनात,' ती म्हणाली. 'एकमेकले कोण सांगी?'

खरंच की. दोघांनीही तिला सांगितलं होतं. तो सकाळी, मी दुपारी. मला ठाऊक नव्हतं तो येऊन गेला, त्याला ठाऊक नव्हतं मी बोलणार आहे. आणि एकमेकांशी आम्ही अजून सीताफळाच्या बियांवरच अडलो होतो.

पुढचा आठवडा तसाच गेला. मी वर जायचे, तो शिकवायचा. त्याला वाटे, तो खोलीवर येऊन गेला ते मला कळलंय का? मला वाटे, हा आता बोलेल, मग बोलेल. मी तोंड उघडायचे आणि विचारायचे भलतंच, प्रिंटरची शाई कधी बदलायची असलं काहीतरी.

टोळी गेली ती धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी. गाडीच्या टपावर सात ट्रंकांऐवजी सहाच चढल्या. पुतळाबाईनं खिडकीतून मला जवळ बोलावलं आणि विचारलं, 'सांगं का?' मी मान हलवली, नाही. तिनं कपाळाला हात लावला. गाडी सुटली, मी हात हलवत राहिले, आणि ती दिसेनाशी झाल्यावर स्टँडवरच्या बाकावर बसून पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि कामावर गेले. गेटवर भगवंतानं नव्या पानावर माझं नाव लिहिलं, एकटीचं. बारकूचं नाव त्या दिवशी कुणी पुकारलं नाही. तोही क्षणभर जुन्या पानावर बोट ठेवून थांबला होता.

मी थेट वर गेले. खोलीत तो एकटाच होता. माझे सुजलेले डोळे पाहून तो उठला, खुर्ची पुढे केली, पाण्याची बाटली दिली, आणि मग काय करावं ते न सुचून परत पडद्याकडे वळला. 'आज हे शिकवणार होतो,' तो म्हणाला. 'आपल्या ओळी वाचून कामं सुरू करणारं शेल नवी प्रोसेस जन्माला घालताना काय करतं ते.'

मी वाचायला लागले. आता मला बरंच वाचता यायचं. एका जागी अडले. 'इथे चूक आहे,' मी म्हणाले. 'वेगळा ग्रुप करण्याची ओळ दोनदा लिहिलीये. एकदा आईच्या भागात, एकदा लेकराच्या भागात. काम एकच आहे.'

'चूक नाही ती.' तो खुर्ची जवळ घेऊन बसला. 'लेकरू जन्मलं की दोघं आपापल्या वाटेनं धावायला लागतात. पुढचं पाऊल आधी कोण टाकेल याचा काही नेम नसतो. कधी आई आधी, कधी लेकरू. दुसरं लिहीलच, अशा भरवशावर एक जण थांबलं, तर उशीर होऊ शकतो. म्हणून दोघंही लिहितात. जो आधी पोचेल, त्याच्या हातून काम होतं.'

'आणि दुसऱ्याचं?'

'दुसऱ्याचं वाया जातं. पण त्यानं काही बिघडत नाही.'

बाहेर पत्र्यावर ऊन पडलं होतं. मी त्या दोन ओळींकडे बघत होते. जगात कुठे तरी बसून कुणीतरी हा विचार केला होता, की दोघांनीही सांगावं, कोण आधी याची पर्वा करू नये. इतकं शहाणपण या काळ्या पडद्यात होतं, आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर आठवडाभर मूर्खासारखे बसलो होतो.

'आणि दोघांपैकी कुणीच लिहिलं नाही तर?' मी विचारलं.

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. 'तर ती जुन्याच ग्रुपमध्ये राहते,' तो म्हणाला. 'आणि निरोप आला की निघून जाते.'

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, सरळ, पडद्याचा आधार न घेता. त्यानंही पाहिलं. मी श्वास घेतला, त्यानंही घेतला.

'मला तुम्ही आवडता,' मी म्हणाले.

'मला तू आवडतेस,' तो म्हणाला.

दोघंही एकदमच बोललो. दोघांचेही शब्द एकमेकांवर आदळले आणि दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू आलं नाही. मग आम्ही इतके हसलो, इतके हसलो, की शेजारच्या केबिनमधून मॅनेजर डोकावून गेला. हसता हसता त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा तळवा गार होता, आणि मला वाटलं, एवढं मोठं काहीतरी माझ्या वाट्याला कसं काय आलं.

आज या गोष्टीला दोन वर्षं झाली. तो म्हणतो, आधी मी बोललो. मी म्हणते, मी. एकाचं वाया गेलं असणार. कुणाचं, ते आम्ही कधी शोधलं नाही.